मामाचे मागचे पाय

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात गणपती बसला की दुसऱ्या दिवशी मटण शिजतं. हे वाक्य मी एकदा पुण्यातल्या एका शिबिरात जेवताना बोलून गेले आणि शेजारच्या ताटातला घास तोंडाशीच थांबला. मला खुलासा करावा लागला. मटण गणपतीला नसतं, उंदराला असतं. आदला दिवस देवाचा, दुसरा देवाच्या वाहनाचा. त्या दिवसाला आमच्याकडे उंदरी म्हणतात. आमच्या घरी मखरापुढे पडदा ओढतात, चुलीवर रस्सा चढवतात, आणि भाकरीवर एक फोड ठेवून तो निवद उंदराच्या नावानं शेताच्या बांधावर नेतात. शिवारात भात पोटरीला आलेलं, लोंबी पोटात धरून उभं असतं. त्याचा पहिला वाटेकरी बिळात बसून वाट बघत असतो. त्याला सांगायचं, बाबा, हे खा, आणि भाताला हात लावू नको. मी लहानपणापासून बऱ्याच वाटाघाटी ऐकल्या आहेत. त्यातली हीच एक मला समजुतीची वाटते.

परवा उंदरी झाली. पाऊस आता दमला आहे. येतो, ओसरीवरच्या चपला भिजवतो आणि गावामागच्या गडाकडे निघून जातो. गल्लीत प्रत्येक घरातून खोबरं भाजल्याचा वास येत होता, आणि मी दारात उभी राहून उगीचच खाली बघत होते. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या घरात सगळेच खाली बघून चालत असत. पायाखाली मामा असायचा.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं फार. आप्पा, म्हणजे माझे वडील, सीमालढ्यातले जुने कार्यकर्ते. सभा ठरली की छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि जेवणं झाली की आम्ही सगळे घड्या घालायला बसायचो. माझी अक्षरओळख त्या ओल्या शाईत झाली. ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी वाचता येत होते. पत्रकावर वाढलेल्या मुलीचं एक असतं, तिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि त्या मताला ठळक मथळा असतो. बेळगावात खोली घेऊन नोकरी करताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, स्नेहलनं, पांढरा उंदीर पाळला. पिंजऱ्यात जीव ठेवणं ही गुलामगिरी आहे, असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. स्नेहल निपाणीच्या जैन व्यापारी घरातली, ऐकून घेणारी. तिनं उंदराला उचलून माझ्या पुस्तकावर ठेवलं. तो मथळा हुंगून पुढच्या दोन पायांनी तोंड धुवायला बसला. तो नेहमीच, कोणतीही चर्चा सुरू झाली की, तोंड धुवायचा.

मग स्नेहलला बेंगळुरात नोकरी लागली. तिथल्या खोलीवाल्यांना उंदीर नको होता.

“निपाणीला ठेव की,” मी म्हणाले.

“आमच्यात उंदीर मारत नाहीत गं. पण म्हणून पाट मांडून जेवायलाही बसवत नाहीत. तू ने. तुझी तत्त्वं चार दिवस बाजूला ठेव.”

ते चार दिवस दीड वर्ष चालले. त्याला घेऊन मी घरी परतले आणि रोज येळ्ळूरहून बेळगावला जाऊ-येऊ लागले.

पहिल्या संध्याकाळी मी खोका उघडला तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

“ह्यो कोण आणि?”

“उंदीर आहे.”

“त्ये दिसतंय मला. पांढरा का?”

मी सांगू लागले की ही जात माणसाळलेली असते, शेतातल्या उंदरांची नसते, दोन-अडीच वर्षं जगते. आईनं एक तांदूळ उचलून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, मक्याचं कणीस खाल्ल्यासारखा फिरवून फिरवून खाल्ला आणि आणखी आहे का म्हणून तिच्या बांगड्या हुंगल्या. “या मामा, बसा,” आई म्हणाली. त्याचं आधीचं नाव इंग्रजी होतं, तिच्या जिभेला वळण्यातलं नव्हतं. लहान मुलांच्या गोष्टीतला तो उंदीरमामा, तेवढाच त्या वेळी हेतू असावा. पण आईला भाऊ नाही, चार बहिणीच. दोन महिन्यांत ती शेजारणींना “माझ्या माहेरचं माणूस” असं सांगू लागली आणि मला वाटतं तिलाच ते पटत गेलं. ती निवडायला बसली की मामा तिच्या पदरात चढून खांद्यावर जायचा आणि तिथं दात बारीक घासत बसायचा. उंदीर खूश असला की तसा दात घासतो. तो आवाज कानाशी लागल्याशिवाय ऐकू येत नाही. आमच्या घरात घोषणा ऐकायची सवय. असला आवाज ऐकायला सगळ्यांनाच शिकावं लागलं.

आप्पांचा मात्र विरोध होता आणि तो मुद्देसूद होता. सुगीत भात घरात येणार, माळ्यावर उंदीर लागणार, त्यांच्यासाठी विष घालावं लागणार. मग एकाच छपराखाली एका उंदराला केळं आणि दुसऱ्याला विष, हा काय न्याय? मामा तोंड धूत होता.

गेल्या भाद्रपदात आधी आईच्या लक्षात आलं. मी ऑफिसातून आले तर ती ओसरीवर बसून गुडघा चोळत होती. “मामा माझ्यागत उठाय लागलाय गं,” ती म्हणाली. मला कळलंच नाही. मग तिनं पाटाकडे बोट केलं. मामा पाटावर चढत होता. पुढचे पाय वर पोचले, मागचे उचलले गेले नाहीत. तो तसाच लोंबकळत राहिला, जरा दम घेतला, आणि दोन हातांच्या जोरावर अंग वर ओढून घेतलं. आई रोप लावणीवरून आल्यावर जमिनीवरून अशीच उठते. आधी हात टेकतात, मग भिंत, मग शरीर. वीस-पंचवीस पावसाळे चिखलात वाकून काढलेले गुडघे ते. मी ते रोज बघत होते. उंदराचं बघेपर्यंत आईचं मला दिसलं नव्हतं असं नाही. पण आईचं उठणं म्हणजे पावसाचं पडणं, ते तसंच असतं असं घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

आणि त्याच आठवड्यात उंदरी आली.

आमच्या शेजारच्या सुमनकाकूंनी आदल्या दिवशीच विषय काढला होता. “आपल्या गल्लीतच जित्तं वाहन हाय, मग बांधावर कशाला चिखल तुडवत जायाचं?” हे म्हणणं गल्लीला एकदम पटलं. उंदरीच्या दुपारी एकेक घर निवद घेऊन आमच्या ओसरीवर आलं. भाकरी, वर फोड, वर तांबडाभडक रस्सा. बायका पदर सावरून मामाला नमस्कार करत होत्या आणि पोरं “खाल्लं, खाल्लं” म्हणून ओरडत होती. आपल्या उंदराला गाव असं मानतंय हे बघून मी हरखून गेले होते. पुढचे आठ-दहा दिवस त्या प्रेमाला खंड पडला नाही. सुमनकाकूंनी तर बकऱ्याच्या पायाचा रस्सा आणला. “पायाला पायच लागतोय. आमच्या मालकांचा पाय मोडलता तवा ह्यानंच उभं केलं त्यास्नी.” मामानं तोही चाटला. त्याला हगवण लागली, अंग मात्र पोत्यासारखं सुटलं, आणि ज्या पायांना आधीच स्वतःचा भार पेलत नव्हता त्यांच्यावर गल्लीभरच्या निवदाचा भार पडला. तो आता पाय टाकत नव्हता, ओढत होता. पोटाखालचे केस लघवीनं ओले राहू लागले.

बेळगावात जनावरांचे डॉक्टर बरेच. म्हशीला, बैलाला, कुत्र्याला. उंदराला म्हटल्यावर दोन ठिकाणी नुसतं हसले. तिसऱ्या ठिकाणचे डॉक्टर हसले नाहीत. ते विजापूरकडले, नुकतेच इकडे आलेले. त्यांना मराठी बेताची. माझी कानडी शाळेत सक्तीनं शिकलेली, व्याकरण पक्कं पण बोलताना पुस्तकासारखी. खोका उघडून ते म्हणाले, “इलि?” म्हणजे उंदीर? मी म्हटलं, होय, इलि, हिंदिन कालु, मागचे पाय. मग एक मजा झाली. मला वाटलं त्यांना नीट कळावं म्हणून मी माझ्या कानडीत सांगत राहिले आणि मला नीट कळावं म्हणून ते त्यांच्या मराठीत विचारत राहिले. बाहेर बसलेल्या कुत्रेवाल्या बाईंना आत कोण कुठला आहे ते शेवटपर्यंत कळलं नसेल.

“ह्याला खायला काय दिलं?” त्यांनी मामाचं पोट चाचपत विचारलं.

मी उंदरीचं सांगितलं.

“गणपतीला मटण?”

“गणपतीला नाही. ह्याला.”

त्यांनी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात जोडले. “मोठा माणूस आहे. पण मोठ्या माणसाचं वजन कमी करायला पाहिजे.”

त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हाताऱ्या उंदरांत पाठीच्या कण्यातल्या नसा मागून झिजत येतात, त्यामुळे मागचे पाय जातात. ते पाय परत येत नाहीत. सोबत सांधेही आखडलेले असू शकतात, तेवढ्यापुरतं काही करता येईल. मी पिशवीतून एक बाटली काढली. कुत्र्या-मांजरांच्या सांध्यांसाठीचं ते औषध मी मागवून घेतलं होतं. बाटलीवर एक कुत्रा कुंपणावरून उडी मारत होता आणि त्याच्या पोटाखाली लिहिलं होतं, सांध्यांना नवं तारुण्य, हालचालीला नवी भरारी. आप्पांनी ते वाचून आधीच मत दिलं होतं. “आयुष्यभर मी हेच लिवलोय. जितकं मोठं विशेषण तितका पुरावा बारका असतोय.” डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली, त्यात उंदराला बाधेल असं गोड काही घातलंय का ते पाहिलं आणि म्हणाले, “देऊन बघू. काडीच्या टोकावर राहील एवढंच. पोट बिघडलं तर बंद. पण हे औषध देव न्हाय, हां. पहिलं औषध वजन. दुसरं, कोरडं ठेवणं. तिसरं, त्याला चढायला लागू नये. हे चौथं.”

मी खोका उचलला तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि त्यासाठी ते स्वतःच्या भाषेत गेले. खाणं थांबलं, तोंड धुणं थांबलं, की घेऊन ये. मग ओढत ठेवू नको.

बसमध्ये मी तो खोका मांडीवर घेऊन बसले होते. आतून नखांचा खरखर आवाज येत होता, पुढच्या दोनच पायांच्या नखांचा. दुसऱ्याच्या वतीनं निर्णय घेण्याविरुद्ध मी पत्रकांतून कितीदा लिहिलं आहे. आता एका जिवाचं कधी पुरे झालं हे मला ठरवायचं होतं आणि त्याला विचारायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून आमचं घर खाली आलं. पाण्याची बाटली खाली, खाण्याची वाटी खाली, पिंजऱ्याचा वरचा मजला काढून टाकला. अंथरायला आईनं तिचं जुनं सुती लुगडं फाडलं, कारण ते इतकं धुतलेलं होतं की त्याला अंगाशी भांडायचं माहीतच नव्हतं. बाहेर ओसरीवरून आत यायला एक उंबरा होता, मामाला तो डोंगर झाला. एका रविवारी आप्पा माळ्यावरून एक गठ्ठा घेऊन उतरले. कुठल्यातरी जुन्या सभेची उरलेली पत्रकं, सुतळीनं बांधलेली. त्यांनी तो गठ्ठा उंबऱ्याला टेकवून ठेवला, वर पोत्याचा तुकडा टाकला, आणि तिरका उतार तयार झाला.

“आप्पा, ती जपून ठेवलेली होती ना?”

“जपूनच ठेवलोय की. बघ, चढतोय का.”

मामा चढला. हातांनी ओढत, शेपटी मागं फरफटत, आप्पांच्या मागण्यांवरून सरकत तो घरात आला. आप्पा खूप वेळ तिथं उकिडवे बसून होते.

संध्याकाळी औषध. मी केळ्याचा जरासा लगदा करायची, काडीचं टोक बाटलीत बुडवून त्यात फिरवायची. औषधाला सुक्या मासळीचा वास होता, म्हणून मामाला ते मनापासून आवडे. सुमनकाकूंनी एकदा विचारलं हे असतं कशाचं. मी सांगितलं, खेकड्या-कोळंबीच्या कवचापासून काढतात. चूक झाली. दुसऱ्या दिवशी काकू शेतातले खेकडे घेऊन हजर. “बाटलीतला कशाला? हे आपल्या भातातलं हाय, ताजं.” त्यांनी ते वाटून, मसाला घालून, फोडणी देऊन रस्सा करून आणला होता. या वेळी मात्र मी दारातच आडवी आले. मामाला मीठ चालत नाही, तिखट चालत नाही, तेल चालत नाही, वजन वाढता कामा नये, असं मी जवळजवळ सभेत बोलते तसं बोलले. काकू वाटी हातात धरून ऐकत होत्या.

“म्हंजे अळणी?”

“अळणी. आणि तेही नखाएवढं.”

“अगं बाई,” काकू आईकडे वळून म्हणाल्या, “ह्यो तर पथ्यावरचा पाव्हणा निघाला.” खेकड्याचा रस्सा आप्पांनी खाल्ला. नंतर काकू पथ्याच्या पहारेकरी झाल्या, पोरांनी शेव-चिवडा टाकला तर त्याच पाठीत धपाटे घालायच्या.

त्याच बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचताना मला एक नाव ओळखीचं वाटलं होतं. डाळींच्या डब्यांमागे आईच्या गोळ्यांचं एक पाकीट पडून होतं, गावातल्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांसाठी दिलेलं. त्यावर तेच नाव होतं. दोनच गोळ्या कमी झाल्या होत्या.

“आई, हे काय?”

“त्याचं काय एवढं. चालतंय माझं.”

“मामाला तेच आणलंय मी.”

“व्हय. उंदराला औषध आणलीस, डाक्टराला दावलीस. आईला बी दावशील कवातरी.” ती हसत म्हणाली. मग ती स्वतःच उठली, हात, भिंत, शरीर, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. “आण. भावासंगट मीबी घेतो.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघं शेजारी बसू लागले. एकाला काडी, एकीला गोळी. मामा पुढचे दोन पाय तिच्या करंगळीवर ठेवून केळं चाटायचा. नंतर आई कोमट पाण्यात फडकं पिळून त्याचं मागचं अंग पुसायची, कोरडं करायची, लुगड्याच्या ताज्या तुकड्यावर ठेवायची. आणि आप्पा, ज्यांनी घरातल्या वस्तूंच्या उंचीकडे जन्मात पाहिलं नव्हतं, ते बसल्या बसल्या चूल बघत होते, भांडी घासायचा दगड बघत होते. मामासाठी सगळं खाली आणायचं हे त्यांच्या हाताला लागलं होतं. त्याच नजरेनं त्यांना दिसलं असणार की आईसाठी सगळं वर न्यायला हवं. दसऱ्याच्या आधी त्यांनी गवंडी बोलावला. परसात कमरेएवढा ओटा बांधला, त्यावर भांड्यांचा दगड बसवला, गॅसची शेगडी जमिनीवरून उचलून कट्ट्यावर गेली. आईनं पहिली भाकरी उभ्यानं थापली आणि म्हणाली, “लाज वाटतीया गं. पावण्यागत उभी राहिल्यासारखं वाटतंय.” पण बसली नाही.

औषधानं गुण आला का, असं मला स्नेहल फोनवर दर वेळी विचारायची. मी खोटं बोलायचं नाही असं ठरवून वाढलेली आहे, म्हणून सांगते. पाय परत आले नाहीत. पण नवरात्रानंतर पंधरवडाभर तो पत्रकांचा उतार न थांबता चढायचा आणि वर पोचून दात घासायचा. ते थेंबामुळे झालं, की वजन उतरल्यामुळे, की रोज कुणीतरी त्याचे पाय हातात घेऊन अलगद चोळत होतं म्हणून, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही आणि मलाही सांगता येणार नाही. बाटलीवरच्या उडी मारणाऱ्या कुत्र्याचा माझ्याइतका राग कुणी केला नसेल. तरी त्या बाटलीची मी ऋणी आहे. थेंब द्यायचा म्हणून संध्याकाळची एक वेळ ठरली. ती वेळ नसती तर आईची गोळी डाळीमागेच राहिली असती.

भाऊबीजेला आईनं त्याला ओवाळलं. पाटावर लुगड्याचा तुकडा, त्यावर मामा, समोर निरांजन जरा लांब, मिशा जळू नयेत म्हणून.

“ओवाळणी काय घालणार त्यो?” आप्पांनी विचारलं.

मामानं ताटातल्या अक्षता खायला सुरुवात केली.

“भाऊ असाच असतोय,” आप्पा म्हणाले. “ताटातलं खातोय आणि जातोय.” आई हसता हसता डोळे पुसत होती. ते निरांजनाच्या धुरानं असेल.

मग सुगी. कापणी झाली, मळणी झाली, भाताची पोती घरात आली, आणि सगळ्या घराला तो कोरडा, गोडसर, नाकात हुळहुळणारा वास लागला. माळ्यावर रात्री खुडबुड सुरू झाली. आप्पा विषाच्या वड्या आणायला निघाले आणि दारातून परत फिरले. त्या वर्षी त्यांनी सापळेच लावले. सापडलेले उंदीर पोत्यात घालून लांब माळावर नेऊन सोडत होते. ते परत येतात हे आप्पांनाही माहीत आहे. पुढच्या वर्षी काय करणार, मी विचारलं. “पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी,” असं उत्तर आलं. आमच्या घरात असं उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. एकाला केळं आणि दुसऱ्याला विष, त्यांच्या या प्रश्नावर मला अजूनही पत्रक काढता आलेलं नाही. भात आमच्याही पोटाचं आहे.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि एका सकाळी मामानं तोंड धुतलं नाही.

मी केळं धरलं, त्यानं हुंगून मान वळवली. आईनं तांदूळ धरला. त्यानं तो हातात घेतला आणि धरून ठेवला, खाल्ला नाही. आई माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की ती वाट बघते आहे. दुपारपर्यंत मी त्याला तीनदा कोरडं केलं, तीनदा थेंब देऊन पाहिला. शेवटी आईच म्हणाली, “त्या डाक्टरानं काय सांगितलंय तुला?”

“ओढत ठेवू नको.”

“मग?”

मी लुगड्याचा तुकडा उचलला.

आप्पा म्हणाले, मी येतो. त्यांनी स्वेटर घातला, मामाला तुकड्यासकट छातीशी घेतलं, वरून बटणं लावली आणि मोटारसायकलवर माझ्यामागे बसले. सगळ्या वाटेनं त्यांनी एक हात छातीवर धरला होता. आप्पांबद्दल एक सांगायला हवं. ते कानडी जाणतात, पण कुठल्याही कचेरीच्या खिडकीपाशी, कुठल्याही टेबलासमोर त्यांनी ती कधी वापरलेली नाही. ते तत्त्व आहे आणि त्या तत्त्वासाठी त्यांनी काय काय सोसलंय ते मी बघितलं आहे. डॉक्टरांनी मामाला तपासलं, आमच्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी सुई भरली. आप्पांनी मामाला टेबलावर ठेवलं नव्हतं, आपल्या तळहातावरच धरलं होतं. सुई जवळ आली तेव्हा ते हळूच म्हणाले, “निधान, डॉक्टर.” सावकाश.

“व्हय आप्पा,” डॉक्टर म्हणाले. “सावकाश.”

आणि त्यांनी खरंच सावकाश केलं.

यावरून कुणी सलोख्याचं पत्रक काढू नये. आमची मागणी जागच्या जागी आहे, आप्पांचीही आणि माझीही. मी फक्त त्या दोन माणसांची ऋणी आहे.

मामानं आयुष्यात शेत पाहिलं नव्हतं. आप्पांनी त्याला आमच्याच बांधावर पुरलं. दिवेलागणीला आई तांब्या घेऊन बसली, मी काडी शोधायला उठले आणि मध्येच थांबले. “तू बस,” आई म्हणाली. “माझी गोळी हाय अजून.” आणि तिनं ती घेतली. अजून घेते. बेळगावला मोठ्या डॉक्टरांनाही दाखवून झालं. गुडघे तरुण झालेले नाहीत, पण उठताना आता हात आणि शरीर, भिंत लागत नाही.

तर परवा उंदरी झाली. आईनं मटण चिरलं, धुतलं, आणि हळद-मीठ लावायच्या आधी एक बारकी फोड बाजूला काढून नुसत्या पाण्यात शिजवली. तिखटाच्या रश्श्याशेजारी ती पांढरट फोड भाकरीवर अगदी केविलवाणी दिसत होती. दुःखाचा एखादा रिवाज होतो, तसा तिचा झाला असेल असं वाटलं. तेवढ्यात सुमनकाकू बांधावर पाठवायचा आपला निवद घेऊन आल्या. त्यांच्याही भाकरीवर तसलीच पांढरी फोड होती. मागोमाग पलीकडच्या घरातून ताट आलं. त्यातही तीच.

“काकू, हे असं का?”

“अळणी हाय. नखाएवढंच घेतलोय. तूच न्हवं का सांगितलीस, तिखट-मीठ चालत न्हाय, पाय जात्यात म्हणून?”

“ते मामाला, काकू. शेतातल्या उंदरांना नव्हे.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली पोरगी आणि अशी कशी बोलते.

“मग त्ये काय परक्याचं व्हय गं? तुझ्या मामाच्याच गणगोतातलं की.”

आप्पांनी ताटं एकावर एक घेतली आणि बांधाकडे निघाले. पाऊस नव्हता. भात पोटरीला आलं होतं.